आगाऊ रक्कम आणि होड्यांची पाळी : चिल्का सरोवराच्या काठावरील एका वस्तीच्या भेटीचे प्रकरण

या प्रकरणातील वस्तीचे नाव, व्यक्तींची नावे आणि भेटीचे वर्ष मुद्दाम दिलेले नाही. भेट देणारा गट महाराष्ट्रातील पक्षिनिरीक्षकांचा होता आणि प्रस्तुत लेखक त्या गटाच्या दोन आयोजकांपैकी एक होता. त्यामुळे पुढील मांडणी तटस्थ राहावी असा प्रयत्न असला, तरी ती एका बाजूने पाहिलेली आहे हे वाचकांनी गृहीत धरावे.

पार्श्वभूमी

ओडिशातील चिल्का सरोवर पुरी, खुर्दा आणि गंजाम या तीन जिल्ह्यांत पसरलेले आहे. पावसाळ्यात त्याचा विस्तार सुमारे १,१६५ चौरस किलोमीटरपर्यंत वाढतो आणि उन्हाळ्यात तो नऊशे चौरस किलोमीटरच्या आसपास येतो. महानदीच्या दया, भार्गवी यांसारख्या शाखा ईशान्येकडून गोडे पाणी आणतात आणि समुद्राकडील मुखातून खारे पाणी आत येते, त्यामुळे एकाच सरोवरात पाण्याची चव जागेनुसार आणि ऋतूनुसार बदलत राहते. उत्तरेचा भाग उथळ, गोडसर आणि नळ गवताने दाटलेला आहे. हिवाळ्यात पाणटिवळे, शेकाटे, चक्रवाक, तलवार बदके आणि इतर कितीतरी जातींचे पाणपक्षी याच भागात मोठ्या संख्येने उतरतात. १९८१ मध्ये चिल्का रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत, आले. गाळ आणि घटती क्षारता यांमुळे १९९३ मध्ये त्याची नोंद संकटग्रस्त पाणथळींच्या माँट्रो नोंदवहीत झाली, २००० मध्ये समुद्राकडे नवे मुख उघडण्यात आले आणि २००२ मध्ये ते त्या नोंदवहीतून बाहेर पडले. अनेक पाहुण्यांना हा इतिहास तोंडपाठ असतो. आम्हालाही होता.

आम्हाला माहीत नव्हता तो पाण्यावरील हक्काचा इतिहास, किंवा माहीत असूनही त्याचा आपल्या सहलीशी काही संबंध असेल असे आम्हाला वाटले नव्हते. कोळंबीला परदेशातून मागणी आल्यावर चिल्काच्या उथळ पाण्यात जाळी आणि बांबू लावून घातलेली कुंपणे, म्हणजे घेरी, झपाट्याने वाढली. पारंपरिक मच्छीमारांचे पाणी बाहेरच्या पैशाकडे जाऊ लागले. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये चिल्कापासून एक हजार मीटरच्या आत कोळंबी-संवर्धनास मनाई केली, परंतु घेरी संपल्या नाहीत. मे १९९९ मध्ये सोराणा येथे घेरी हटविण्यावरून पेटलेल्या संघर्षात पोलिसांच्या गोळीबारात चार जणांचा मृत्यू झाला. या सगळ्या व्यवहाराची सुरुवात बहुतेक वेळा एकाच पद्धतीने होत असे. बाहेरचा माणूस गावातील एकाला गाठत असे, त्याला आगाऊ पैसे देत असे आणि सर्वांचे पाणी त्या एकाच्या नावाने वापरत असे. मासळीच्या व्यापारातही व्यापारी हंगामाआधी मच्छीमाराला रक्कम देतो आणि मग मासळी त्यालाच, त्याच्याच भावाने घालावी लागते. या आगाऊ रकमेला तिकडे दादन म्हणतात. पैसे उचलून परमुलखात कामाला जाणाऱ्या मजुरांनाही ओडिशात दादन मजूरच म्हटले जाते. हा शब्द पुढे महत्त्वाचा ठरला.

आम्ही निवडलेली वस्ती उत्तर काठावर आहे आणि तेथे पन्नासच्या आसपास घरे आहेत. जवळच्या मंगलाजोडीचे उदाहरण सर्वांसमोर होते. एके काळी तेथे पक्ष्यांची शिकार आणि विक्री सर्रास चालत असे. २००० मध्ये गावकऱ्यांची पक्षी सुरक्षा समिती स्थापन झाली आणि शिकारीत मुरलेले हातच पुढे राखणीला आणि पाहुण्यांना होडीतून फिरविण्याच्या कामाला लागले. आमच्या वस्तीत अशी नोंदणीकृत समिती किंवा तिकीट-खिडकी नव्हती. होती ती आठ होड्यांची पाळी. पाहुणे आले की कोणाची होडी कितव्या क्रमांकाने जाईल हे धक्क्यावरच्या चहाच्या टपरीत एका शाळकरी वहीत लिहिलेले असे. टपरी चालविणाऱ्या बाई सर्वांत आधी धक्क्यावर येतात आणि कोण पाण्यात गेले हे त्यांना आपसूकच दिसते, म्हणून वही त्यांच्याकडे. सगळे त्यांना ‘मौसी’ म्हणतात आणि येथेही तेच संबोधन वापरले आहे.

अडचण

ऑक्टोबर महिन्यात, म्हणजे भेटीच्या तीन महिने आधी, आमच्या सह-आयोजकाने त्या वस्तीतील एका नावाड्याशी फोनवर संपर्क साधला. त्याला येथे ‘अ’ म्हणू. त्याने टिपलेली छायाचित्रे आमच्या परिचितांपर्यंत पोहोचली होती आणि गवतात दडलेली पाणलावी कोणत्या बेचक्यातून दिसेल हे तो अचूक सांगतो, अशी त्याची ख्याती होती. अठरा जणांसाठी पाच होड्या, दोन सकाळी, प्रत्येक फेरीस ₹१,२०० असा हिशेब ठरला. एकूण ₹१२,००० पैकी ₹८,००० आम्ही त्याच्या खात्यात पाठविले आणि व्यवस्था चोख झाली अशा समाधानात राहिलो.

जानेवारीत आम्ही संध्याकाळी पोहोचलो, तेव्हा धक्क्यावर चार जण थांबले होते आणि त्यांत अ नव्हता. बोलणे हिंदीत झाले, कोणाचाही आवाज चढला नाही, आणि बराच वेळ आम्हाला नेमके काय बिघडले आहे तेच उमगेना. हळूहळू कळले ते असे. पाच होड्यांपैकी एक अ ची स्वतःची आणि एक त्याच्या चुलतभावाची होती. उरलेल्या तीन त्याने शेजारच्या गावातील सासुरवाडीहून मागविल्या होत्या. म्हणजे दोन दिवसांच्या दहा फेऱ्यांपैकी चार वस्तीला मिळणार होत्या, त्याही एकाच घराण्याला, आणि सहा फेऱ्या वस्तीबाहेर जाणार होत्या. नियमाने पाळी लागली असती तर दहा फेऱ्यांत आठही होड्यांना किमान एक फेरी मिळाली असती. पाहुण्यांचा हंगाम जेमतेम साडेतीन महिन्यांचा आणि अठरा जणांचा गट हा त्या हंगामातील बहुधा सर्वांत मोठा, त्यामुळे या फरकाचे वजन आम्हाला वाटले त्याहून पुष्कळ अधिक होते.

चौघांपैकी वयस्क गृहस्थाने शेवटी शांतपणे म्हटले, “आपण दादन दिले, आज्ञा. आता तो तुमचा माणूस झाला. आम्ही काय बोलणार?” ‘आज्ञा’ हे तिकडचे आदराचे संबोधन आहे आणि त्या वाक्यात ते उपरोधाने आले नव्हते, म्हणूनच ते अधिक लागले. विश्वासाची खूण म्हणून पाठविलेली आमची रक्कम तेथे ओळखीच्या आणि नकोशा रूपात पोहोचली होती.

रात्री अ भेटला. त्याची बाजूही विचारात घेण्याजोगी होती. पाहुण्याने नाव घेऊन मागितले तर पाळी लागू होत नाही, अशी सवलत पूर्वी दोन-तीन वेळा इतरांनीही घेतली होती, असे त्याने सांगितले आणि ते कोणी नाकारले नाही. शिवाय पक्ष्यांची माहिती त्याने वर्षानुवर्षे खपून मिळविली होती आणि पाळीत तिला काडीची किंमत नव्हती. गप्प बसणारा नावाडी आणि तो, दोघांना सारखेच ₹१,२००. आगाऊ रकमेतून त्याने होडीच्या तळाच्या फळ्या बदलून डांबर लावून घेतले होते. परत देण्यासारखे त्याच्याजवळ काही उरले नव्हते.

विचारात घेतलेले पर्याय

पहाटे साडेचारला निघायचे होते, म्हणजे निर्णयासाठी एक रात्र हाती होती. आम्हा दोन आयोजकांत प्रथम ठरल्याप्रमाणेच करावे या बाजूने कल होता. करार झाला होता, पैसे दिले होते, सदस्यांना अ चे नाव सांगूनच नोंदणी केली होती आणि गावातील अंतर्गत वाद पाहुण्यांनी सोडविणे हा आगाऊपणा ठरला असता. हा युक्तिवाद कागदावर निर्दोष आहे. त्यातील खोट एवढीच की तो वाद अंतर्गत राहिलेला नव्हता. तो आमच्या रकमेने वाढविला होता आणि आपण उभा केलेला पेच दुसऱ्यांचा खासगी मामला म्हणून सोडून देता येत नाही.

दुसरा पर्याय पूर्णपणे पाळीप्रमाणे जाण्याचा होता. त्यात अ ला रक्कम परत करावी लागली असती, ती त्याला शक्य नव्हती, आणि सर्वांसमोर त्याची नाचक्की झाली असती. दोन दिवसांनी आम्ही निघून गेलो असतो, त्याला मात्र त्याच वस्तीत राहायचे होते. सदस्यांपैकी काहींनी तिसरा मार्ग सुचविला. वस्ती सोडून जेथे रीतसर व्यवस्था आहे अशा ठिकाणी जावे, सातपाड्याला जाऊन इरावदी डॉल्फिन पाहावेत. यात आम्हाला त्रास कमी होता, पण वस्तीला दहापैकी शून्य फेऱ्या मिळाल्या असत्या आणि त्याचा दोष अ च्या माथी कायमचा बसला असता. हा पर्याय आम्ही जितक्या गांभीर्याने घेतला तितका घ्यायला नको होता, असे आज वाटते.

चौथा पर्याय आम्हाला सुचला नाही, तो मौसीने मांडला. रात्री त्यांच्याकडे जेवायला बसलेलो असताना, वाढता वाढता त्या म्हणाल्या, “होड्या वहीप्रमाणे जाऊ द्या. तो पुढच्या होडीत बसेल आणि दाखवेल. होडीचे पैसे वेगळे, दाखवण्याचे वेगळे.” पाळी होती ती होड्यांची. माहिती सांगण्याचे काम वहीत कधी लिहिलेच गेले नव्हते, त्यामुळे ते पाळीबाहेर ठेवण्यास कोणाची हरकत असण्याचे कारण नव्हते.

निर्णय आणि कृती

हा तोडगा आम्ही स्वीकारला आणि त्या रात्रीच चौघे, अ आणि मौसी यांच्यासमोर आकडे मांडले. पाच होड्या पाळीप्रमाणे, प्रत्येक फेरीचे ₹१,२०० त्या त्या नावाड्याला फेरी संपल्यावर रोख. अ ला वाटाड्या म्हणून एका सकाळचे ₹८००, दोन दिवसांचे ₹१,६००. त्याची होडी पाळीत एकदाच येत होती, तिचे ₹१,२००. म्हणजे आगाऊ रकमेपैकी ₹२,८०० वळते झाले आणि ₹५,२०० त्याच्याकडे निघत होते. ते त्याने सवडीने परत करावे असे ठरले. सह-आयोजकाने ही रक्कम पुढील वर्षाच्या भेटीसाठी जमा ठेवण्याची तयारी दाखविली, तेव्हा मौसीने नकारार्थी मान हलविली. पुढच्या वर्षीचे पैसे पुढच्या वर्षी, असे त्यांचे म्हणणे होते. आम्ही तासाभरात पुन्हा दादनच द्यायला निघालो होतो, हे त्यांच्या लक्षात आमच्या आधी आले. उरलेल्या नऊ फेऱ्यांचे ₹१०,८०० आम्हाला नव्याने उभे करावे लागले आणि ते गटाच्या राखीव रकमेतून आले.

पहिली सकाळ उत्तम गेली. धुके होते, बांबूने रेटत जाणाऱ्या होड्यांचा आवाज जवळपास नव्हता आणि पहिल्या होडीतून अ हाताच्या खुणेने मागच्यांना दाखवीत होता. दुसऱ्या सकाळी मात्र पाळीची दुसरी बाजू दिसली. चौथ्या होडीवर एक तरुण नावाडी होता. त्याच्या होडीतील दोन छायाचित्रकारांनी पाणटिवळ्यांच्या थव्याच्या आणखी जवळ नेण्याचा आग्रह धरला, पाहुणे खूश व्हावेत म्हणून त्याने होडी ओळीबाहेर काढली आणि काही क्षणांत सगळा थवा उठला. मध्य आणि उत्तर आशियापासून इतक्या लांबवर आलेल्या पक्ष्यांना हिवाळ्यात पोट भरून चरबी साठवायची असते. प्रत्येक उड्डाण त्या साठ्यातून खर्च होते. अ ने मागे वळून पाहिले, पण त्या तरुणाला काही म्हटले नाही. नंतर विचारल्यावर म्हणाला, “परवा माझ्यामुळे एवढे झाले, आज मी कोणाला ओरडू?” वाटाड्याचे काम त्याला दिले होते, पण त्यासोबत येणारा अधिकार त्या रात्रीच्या बोलण्यात कोणीच दिला नव्हता. छायाचित्रकारांना आवरणे ही खरे तर आमची जबाबदारी होती आणि आम्ही तिसऱ्या होडीत बसून पाहत राहिलो.

निघताना आणखी एक गोष्ट घडली. एका सदस्याने अ च्या हातात कोणाला न दाखविता हजार रुपये ठेवले. पन्नास घरांच्या वस्तीत ते झाकून राहणे शक्य नव्हते. दुपारपर्यंत मौसीपर्यंत बातमी गेली होती, आणि त्यांनी ती आम्हाला तक्रार म्हणून नाही तर चहाचे पैसे घेता घेता, सहज सांगितल्यासारखी सांगितली.

परिणाम

आठही होड्यांना फेरी मिळाली आणि दोन होड्यांना दोनदा मिळाली. त्या हंगामातील उरलेल्या दिवसांत वहीत एक नवा रकाना आखला गेला आणि त्यात वाटाड्याचे नाव लिहिले जाऊ लागले, हे आम्हाला फोनवरून कळले. शेजारच्या गावाहून बोलावलेल्या तीन होड्यांना मात्र काहीच मिळाले नाही. अ ला सासुरवाडीत काय ऐकावे लागले असेल, याचा विचार त्या रात्री कोणाच्याही मनात आला नव्हता. गटातही नाराजी राहिली. तीन सदस्यांनी, नोंदणीच्या वेळी सांगितलेला नावाडी आपल्या होडीवर नव्हता या कारणाने, पैशांचा काही भाग परत मागितला. त्यांचे म्हणणे नियमाला धरून होते आणि आम्ही तो दिला.

अ ने होळीच्या सुमारास ₹२,००० परत पाठविले. उरलेले ₹३,२०० आले नाहीत. आम्ही ते मागितले नाहीत, आणि सोडून दिले असेही त्याला कळविले नाही. मनातल्या मनात ती रक्कम आम्ही केव्हाच सोडली होती आणि त्याबद्दल स्वतःला उदारही मानले होते. पुढच्या हिवाळ्यात आम्ही दहा जण पुन्हा गेलो, तेव्हा अ तेथे नव्हता. तो सुरतेला यंत्रमागावर कामाला गेला होता आणि त्याची होडी धाकटा भाऊ चालवीत होता. किनाऱ्याकडच्या भागातून सुरतेला जाणे ही ओडिशात नवी गोष्ट नाही, जाण्याची कारणेही त्याला अनेक असतील, आणि आमच्या येणे रकमेचा त्यात काही वाटा होता असे म्हणण्यास कोणताही आधार नाही. तरीही त्याने त्या वर्षभरात आमचा फोन उचलला नव्हता, याची नोंद येथे करणे भाग आहे.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत पहिला निर्णयाचा क्षण ऑक्टोबरातच येऊन गेला होता आणि तो निर्णय आहे हेच आमच्या लक्षात आले नव्हते. फोनवर ‘तुमच्याकडे होड्या कशा ठरतात?’ एवढा एकच प्रश्न विचारला असता तर पाळीचा उल्लेख निघाला असता. अ तो लपवीत नव्हता. आम्ही विचारले ते फक्त दर, होड्यांची संख्या आणि पक्ष्यांविषयी. आगाऊ रक्कम द्यावीच लागली, तर ती किती फेऱ्यांसाठी आहे आणि काही कारणाने त्या झाल्या नाहीत तर तिचे काय होईल, हे वस्तीतील आणखी एका माणसाच्या कानावर घालूनच ती द्यावी. तशी सोय नसेल तर रक्कम न पाठविणे बरे, मग आयत्या वेळी होडी न मिळण्याचा धोका पाहुण्यांनी पत्करावा. दुसऱ्या वर्षी आम्ही तो पत्करला. मौसीला फक्त तारीख आणि माणसे कळविली आणि पैसे सोबत नेले.

₹३,२०० चे काय, हा प्रश्न अधिक अवघड आहे. ते मागणे किंवा स्पष्ट शब्दांत माफ करणे, दोन्ही आमच्या गप्प राहण्यापेक्षा बरे ठरले असते, कारण न मागितलेले कर्ज देणाऱ्याला दिसेनासे होते आणि घेणाऱ्याच्या मागे तसेच उभे राहते. आमच्या सह-आयोजकाचे मत वेगळे आहे. माफी कळविली असती तर अ ला ती भीक वाटली असती, असे त्याला वाटते. यावर आमचे एकमत झालेले नाही. दुसऱ्या भेटीत आम्ही ही गोष्ट अ च्या भावाजवळ काढली. त्याने ऐकून घेतले आणि विषय बदलला.

वाटाड्याला त्याचा अधिकार सर्वांसमोर द्यायला हवा होता. दुसऱ्या वर्षी निघण्यापूर्वी धक्क्यावर उभे राहून आम्ही आमच्याच सदस्यांना सांगितले, की पुढच्या होडीतील माणूस थांबा म्हणेल तेथे थांबायचे आणि जवळ नेण्याचा आग्रह कोणत्याही नावाड्याला करायचा नाही. हे नावाड्यांना ऐकू जाईल अशा आवाजात आणि हिंदीत सांगितले. त्या दिवशी पुढच्या होडीत वाटाड्या म्हणून बसला होता तो आदल्या वर्षीचा चौथ्या होडीवरचा तरुण. पक्ष्यांची नावे त्याला अ इतकी येत नव्हती, आणि दोनदा त्याने आम्हालाच विचारली.

संख्येचा मुद्दा आम्ही पहिल्या भेटीत विचारातच घेतला नव्हता. पाच होड्यांत बसतात म्हणून अठरा माणसे, एवढाच हिशेब होता. पहाटे चार वाजता अठरा जण हातपंपावर तोंड धुवायला उभे राहिले, तेव्हा वस्तीतील बायका घागरी घेऊन बाजूला थांबल्या होत्या. पहिल्या दिवशी हे कोणाच्या लक्षात आले नाही. दुसऱ्या दिवशी आले, तेव्हा आम्ही त्यांना पुढे होण्याची विनंती केली. त्या पुढे झाल्या नाहीत. पाहुणे आधी, असे म्हणून थांबून राहिल्या आणि त्या सकाळी अंगणवाडीत पाणी उशिरा पोहोचले.